काहीच नाही नावाची डिस्क

मारेगाव
३ जानेवारी २०२६

इंद्रजित,

जय भीम. तू टाकीवरून पडला अन् पाय मोडला, हे बाबांकडून कळलं. वामनकाकांचा शर्ट घातलेलं बुजगावणं पाण्याच्या टाकीवर बसवाले कोण जाते, हे मी विचारत नाही. पाय बरा होवो.

पत्र लिहून राह्यली कारण तुझा नंबर मी बंद केला आहे अन् तो बंदच राहील. आत्याचा, म्हणजे तुझ्या आईचाही बंद आहे, कारण आत्याच्या आवाजात तूच बोलतो. माझ्या म्याडमच्या आवाजात फोन करून तू मले सांगितलं की माझा विषय गुलाबी बोंडअळीवरून ढेकणावर गेला. मी चार दिवस ढेकूण वाचला. ते मी विसरली नाही.

आता मुद्दा. वामनकाकांच्या वावरात कापसाच्या पराटीत आपण कामगंध सापळा लावला. मादीच्या वासानं नर पतंग येतात अन् अडकतात. त्याच्यावर तू कॅमेरा बसवला, डब्यात तो हाताएवढा कॉम्प्युटरचा बोर्ड बसवला अन् म्हणाला की ताई, तू मारेगावात अभ्यास कर, फोटो आपोआप डिस्कवर जमा होतील. मी हंगामभर त्या भरवशावर राह्यली. ती डिस्क काल वामनकाकांच्या जावयानं आणून दिली.

लॅपटॉपले लावली. डिस्कचं नाव आलं, 'काहीच नाही'. त्याच्यावर दाबलं तर आलं, चुकीचा प्रकार, चुकीचा पर्याय, खराब सुपरब्लॉक.

मी दोन मिनिटं शांत बसली.

माझं म्हणणं आहे की यंदा आपल्या भागात हे पतंग पोळ्याच्या आधीच आले. म्याडम म्हणतात फोटो दाखव. तारीख ठरली आहे, तीस जानेवारी. फोटो नसले तर पुढचा पूर्ण हंगाम परत, म्हणजे माझं एक वर्ष गेलं.

खरी डिस्क पाठव. ती नसन तर तसं लिही. इथं कॉम्प्युटरच्या दुकानात पियुष आहे, तो म्हणते डिस्क खराब आहे, संक्रांतीनंतर फॉरमॅट मारतो अन् मंग जे निघन ते काढून देतो.

दीपा

*

आर्णी
६ जानेवारी

दीपाताई,

जय भीम. पाय उशीवर टांगून लिहून राह्यलो म्हून ओळी वर चढल्या असन.

पहिली गोष्ट, डिस्कले हात लावू नोको. दुसरी गोष्ट, पियुषले लावू देऊ नोको. अगोदर फॉरमॅट मारणं म्हणजे वावर पेटवाचं अन् मंग राखेत बोंडं शोधाची.

नावाचं सांगतो. डिस्क हंगामभर वावरातल्या डब्यात पडून होती. कोणी उचलून नेली असती. म्हून नाव ठेवलं 'काहीच नाही'. चोरानं लावून पाहिली तरी त्याले वाटन काहीच नाही. आमच्या घरी बिस्किटाच्या डब्यावरही मी 'मोहरी' लिहून ठेवलं हाय. दोन वर्षं झाले, कोणी उघडत नाही.

तिसरी गोष्ट, ही मजाक नाही. तू हे वाचून काय म्हणशील ते मले माहीत हाय. पण माझी मजाक झाली की मी बाजूले उभा राहून पाहतो. इतक्या दूर मारेगावात तू दोन मिनिटं शांत बसली ते मले पाहालेच नाही भेटलं. मंग मी कायले करू?

इथं वावरात बोर्डाले लावली की डिस्क दरवेळी उघडे. मी स्वतः फोटो पाहिले. तुझ्याकडेच काहून उघडत नाही ते मलेही समजून नाही राह्यलं.

एक काम कर. तुझ्या लॅपटॉपात आतमध्ये जे सगळं चालवते त्याले कर्नल म्हणते. तो मुकादम समज. वर जे तुले दिसलं ते बाहेरच्या लोकायशी बोलणं हाय. खरं काय झालं ते मुकादम आपल्या मनात पुटपुटते. ते ऐकाचं असन तर मी दिलती ती काळी खिडकी उघड अन् इंग्रजी अक्षरं टाईप कर: डी, एम, ई, एस, जी. मंग एंटर. खालच्या दोन ओळी जशाच्या तशा लिहून पाठव.

मामाले, तुझ्या बाबाले फोन केलता. ते म्हणे, तुमच्या दोघायच्या मधात मी पडत नाही, मागच्या वेळी पडलो तर माझाच वाढदिवस दोनदा झाला.

इंद्रजित

*

मारेगाव
९ जानेवारी

इंद्रजित,

टाईप कराच्या आधी लॅपटॉप ओसरीत नेला. म्हटलं काही पेटलं तर घर वाचन. आईनं विचारलं काय करून राह्यली. म्हटलं इंद्रजितनं सांगितलं ते. तिनं बादली आणून ठेवली.

काही पेटलं नाही. ओळी लाल अक्षरात आल्या. अर्थ असा, की सेक्टरसाईज १६३८४ चालत नाही, फक्त ४०९६ चालते. दुसऱ्या ओळीत, म्हून डिस्क उघडता आली नाही.

आता मले सांग. १६३८४ ले ४०९६ नं भागलं तर बरोबर चार येते. मी एमएससी करून राह्यली. वावरातला कोणताच आकडा असा सरळ येत नाही. बोंडं मोजली, अळ्या मोजल्या, पतंग मोजले, कधी काही चारनं भागलं गेलं नाही. इतका सरळ आकडा फक्त कोणीतरी बसून ठरवलेला असते.

अन् असा बसून ठरवणारा आपल्या घरात एकच आहे.

म्याडमचा फोन आला होता. यावेळी मी त्याइले त्याइच्या गावाचं नाव, नवऱ्याचं नाव अन् माझा रोल नंबर विचारला. त्या खऱ्या निघाल्या. आता त्या माझ्याशी जास्त बोलत नाहीत.

दीपा

*

आर्णी
१२ जानेवारी

दीपाताई,

समजलं. तुझा आकडा खरंच कोणीतरी बसून ठरवलेला हाय. पण तो मी नाही.

हे आरामात वाच. मले समजाले अख्खी रात्र लागली, ते पण पाय बांधलेला हाय म्हून. एरवी मी इतका वेळ एका जागी नसतो.

मशीनमध्ये मेमरी असते. मुकादम ती सुटी सुटी वापरत नाही, ठरलेल्या मापाच्या टोपल्यायनं वापरते. त्या टोपलीले ते लोकं पेज म्हणते. तुझ्या लॅपटॉपची टोपली ४०९६ ची हाय. वावरातल्या बोर्डाची टोपली मोठी हाय, १६३८४ ची. बनवणाऱ्यायनं ती तशीच ठेवली, मोठ्या टोपलीनं काम लवकर होते म्हून.

आता मी डिस्क तयार केली ती कुठं केली? बोर्डावरच. माप मी सांगितलं नव्हतं. त्यानं आपल्या टोपलीएवढेच गठ्ठे बांधले, १६३८४ चा एक. मंग डिस्क तुझ्याकडे आली. तुझ्या मुकादमाचा कायदा असा की एक गठ्ठा एका टोपलीत मावला पाहिजे. त्यानं गठ्ठा पाहिला, टोपली पाहिली अन् म्हणे मी उचलत नाही. फोडून चार टोपल्यायत टाक म्हटलं तर ते त्याले कोणी शिकवलं नाही. नव्या कर्नलमध्ये त्याच्यावर काम चालू हाय म्हणते, पण तुझा जुना हाय. मीच टाकून दिलता.

म्हंजे डिस्क चांगली. फोटो चांगले. तुझा लॅपटॉप चांगला. माल हाय, टोपली लहान हाय, अन् मुकादम बाहेर येऊन सांगते की माल खराब हाय.

उपाय सोपा हाय. डिस्क परत त्याच बोर्डाले लावाची अन् फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवाचे. दुसरी डिस्क मात्र तुझ्या लॅपटॉपवर तयार कर, लहान गठ्ठ्यायची. मोठ्या टोपलीवाला लहान गठ्ठे उचलते, ते त्याले शिकवलेलं हाय.

आता अडचण. बोर्ड वामनकाकाजवळ हाय. डुकरं त्याइची तूर खाऊन राह्यली म्हून मी बोर्डाले भोंगा लावून दिला. अंधार पडला की वाघ ओरडते. डुकरं येत नाही. वामनकाका म्हणे, तूर कापल्याशिवाय बोर्ड वावराबाहेर जाणार नाही, तुझ्या बापाले आण नाहीतर कलेक्टरले आण.

म्हून तुलेच वावरात यावं लागन. मी येऊ शकत नाही. मले शौचाले जाले पण आई अन् शेजारचा किसनसिंग लागते.

इंद्रजित

*

मारेगाव
१५ जानेवारी

इंद्रजित,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मंग बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले पत्र चांगलं आहे.

आता मी तुले परत सांगते तू काय लिहिलं. तू म्हणतो डिस्क चांगली आहे पण उघडत नाही. लॅपटॉप चांगला आहे पण उघडत नाही. मी मारेगावहून आर्णीले यावं, तिथून वावरात जावं, जिथं वाघ ओरडते. वाघ खोटा आहे असं तू म्हणतो. आपल्या जिल्ह्यात खराही आहे. अन् तू स्वतः येणार नाही, कारण तुझा पाय मोडला आहे, हेही तूच म्हणतो.

माझ्या जागी तू असता तर गेला असता काय?

टोपलीचं मले पटलं. म्हूनच भीती वाटते. ढेकणाचंही पटलं होतं. तू म्हणाला होता की ढेकणावर आता निधी आहे.

पियुष सोमवारी दुकान उघडते. मी त्याले सोमवार सांगितला आहे. तुझ्या शब्दावर मी वर्ष टाकू शकत नाही. जिथं तुझा शब्द लागतच नाही असं काही असन तर सांग, नाहीतर राहू दे.

दीपा

*

आर्णी
१७ जानेवारी

दीपाताई,

हे पत्र टपालानं सोमवारच्या आत पोचणार नाही म्हून डोंगरसिंगजवळ देऊन राह्यलो. त्याची कापसाची गाडी वणीले जाते, रस्त्यात मारेगाव लागते. तो उतरून हातात देईन. त्याले चहा दे, पण काही विचारू नोको, तो थापा मारते.

माझा शब्द नोको तर नोको. हे कर.

दुकानातून दोन नवे पेनड्राईव्ह आण. तूच आण. मी पाठवत नाही, डोंगरसिंगजवळही दिले नाही. एकाले ४०९६ च्या गठ्ठ्यायनं तयार कर, दुसऱ्याले १६३८४ च्या. काळ्या खिडकीत काय टाईप कराचं ते मागच्या बाजूले लिहिलं हाय. फक्त टाईप करतानी पेनड्राईव्हचंच नाव टाकजो, लॅपटॉपचं टाकशील तर मंग खरंच काहीच नाही. माझ्यावर विश्वास नसन तर पियुषले वाचाले दे, तो सांगन त्यात काही वाकडं नाही.

मंग दोन्ही लावून पाहा. पहिला उघडन. दुसरा उघडणार नाही, अन् मुकादम तीच लाल ओळ बोलन जी माझ्या डिस्कले बोलला. नवा पेनड्राईव्ह, कोरा, तुझ्याच हातानं तयार केलेला, त्यात मी नाही, वावर नाही, पतंग नाही. तरी तेच.

तुमच्या प्रयोगात एक ओळ बिनफवारलेली ठेवता ना बाजूले, फवारलेलीशी ताडून पाहाले? तसं.

अन् दुसरा जर उघडला, तर पियुषले सांग मार फॉरमॅट. मी एक शब्द बोलणार नाही. तसंही तुझ्याकडे माझा नंबर बंदच हाय.

इंद्रजित

*

मारेगाव
१९ जानेवारी

इंद्रजित,

पेनड्राईव्ह यवतमाळ रोडवरच्या दुकानातून आणले. दुकानदार तुले ओळखत नाही, मी विचारलं.

पहिला उघडला. दुसरा नाही. लाल ओळ तीच, आकडे तेच. मी तीनदा केलं, मंग पेनड्राईव्ह आपसात बदलून केलं. जो १६३८४ चा तो उघडत नाही, कोणताही असो.

पियुष पूर्ण वेळ बाजूले उभा होता. शेवटी म्हणाला, ताई, मागच्या महिन्यात एकाची डिस्क अशीच आलती. मी विचारलं मंग काय केलं. त्यानं चहा मागवला.

मी मानते. तुले नाही, पेनड्राईव्हले.

शनिवारी येते. लहान गठ्ठ्यायची डिस्क घेऊन येते. वामनकाकांना सांग की बोर्ड वावराबाहेर जाणार नाही, मीच वावरात बसीन. वाघ खरा निघाला तर हे पत्र जपून ठेव, आत्याले दाखवाले.

दीपा

*

मारेगाव
३१ जानेवारी

इंद्रजित,

त्या दिवशी तुझ्याकडे पाचच मिनिटं थांबली, बाबा जीप घेऊन उभे होते. म्हून वावरात काय झालं ते सांगाचं राहून गेलं.

डिस्क बोर्डाले लावली अन् उघडली. मी काहीच केलं नाही. इतके दिवस जिच्यावर मी पियुषसोबत डोकं फोडलं ती अशी उघडली जशी कधी बंद नव्हतीच. फोटो सगळे होते. मी उतरवाले लावले अन् वावराच्या कडेले धुऱ्यावर बसली.

उतरवाले वेळ लागला. सूर्य खाली गेला तरी अर्धेच झाले होते. वामनकाका म्हणाले, आता बोर्ड वाघाले पाहिजे. मी म्हटलं काका, मधात काढला तर सगळं जाईन. ते डोकं खाजवत उभे राह्यले. मंग मचाणीवर चढले अन् स्वतः ओरडले. काम होईपर्यंत ओरडत होते. डुकरं आली नाहीत. शेजारच्या वावरातली माणसं काठ्या घेऊन आली.

आता पुढचं ऐक. काल म्याडमना फोटो दाखवले. त्याइनं पतंग पाहिले, मान हलवली अन् विचारलं, तारीख कशावरून खरी? तवा मले कळलं, तुझ्या बोर्डात घड्याळाची बॅटरीच नाही. वावरात लाईन गेली की घड्याळ थांबते, आली की मागच्या वेळेपासून चालू होते. अन् वामनकाकांच्या वावरात लाईन कशी राहते ते तुले माहीत आहे. फोटोवरच्या तारखा हळूहळू मागं मागं सरकल्या होत्या. म्हणजे माझं पूर्ण म्हणणंच गेलं, कारण पतंग लवकर आले की घड्याळच मागं पडलं, हे कोण सांगणार?

म्याडम फोटो पुढं सरकवत होत्या. मंग थांबल्या.

त्या फोटोत सापळा होता. पतंग इतके की मोजता येत नव्हते. अन् सापळ्याच्या बाजूले वामनकाकांचा पांढरा बैल, शिंगं रंगवलेली, कपाळाले बाशिंग, पाठीवर झूल. त्याच्या मानेत हात टाकून तू. जीभ बाहेर.

बैल असा सजलेला वर्षातून एकाच दिवशी वावराकडून फिरते. पोळा कधी होता ते पंचांगात आहे. फोटोवरचं घड्याळ त्याच्या तीन दिवस मागं होतं. पुढच्या एका फोटोत तू निळा दुपट्टा अन् नवा पांढरा सदरा घालून कॅमेऱ्यासमोर फुगड्या घालून राह्यला, तो धम्मचक्र दिन. तिथं घड्याळ आठ दिवस मागं होतं. दोन जागा पक्क्या झाल्या, मधलं म्याडमनी अन् मी बसून दुरुस्त केलं. पतंग पोळ्याच्या आधीच आले होते. म्याडम म्हणाल्या लिहून टाक.

मी तुले सांगितलं होतं की कॅमेऱ्यासमोर कोणी जाऊ नये, निरीक्षण खराब होते. तू प्रत्येक खेपेले गेला. त्याबद्दल मी काही बोलत नाही.

तो बैलाचा फोटो प्रबंधात टाकावा लागला. खाली लिहिलं आहे, पोळ्याचा दिवस, डावीकडून सापळा, बैल, निरीक्षिकेचा आतेभाऊ. म्याडम म्हणाल्या की यातला बैल कोणता ते स्पष्ट कर.

नव्या डिस्कचं नाव मी 'ढेकूण' ठेवलं. खरंच, कोणी हात लावत नाही.

निघताना तुझ्या प्लास्टरवर सही करून गेली. मागच्या बाजूनं केली, पुढं जागा नव्हती.

दीपा

*

आर्णी
१२ फेब्रुवारी

दीपाताई,

जय भीम. काल प्लास्टर काढलं.

आता मले सगळं समजलं. तू गेल्यापासून लोकं पाहाले येत होते अन् दारातच फिरून जात होते. वामनकाका आले, पायाकडे पाहिलं, म्हणे उठ बे, तूर कापाले माणसं कमी हाय. मी म्हटलं काका, हाड मोडलं. ते म्हणे हो हो. किसनसिंगनं मले शौचाले नेणं बंद केलं. म्हणे इतके दिवस मले बनवलं. मी त्याले एक्सरे दाखवला. तो म्हणे एक्सरे तर तू मोबाईलवर पण बनवशील. मी शपथ घेतली. शपथेनं पण माझी बाजू घेतली नाही.

आई रोज पाय उचलून उशीवर ठेवे. ती रोज वाचत होती अन् गप्प होती. ती तुझी आत्या हाय हे माझ्या लक्षातच आलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरनं मले पालथं पाडलं अन् कापाची मशीन चालू केली. मंग बंद केली. खाली वाकून वाचलं. मंग मले विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

मी म्हटलं, "काय लिहिलं?"

ते म्हणे, "मोठ्या अक्षरात लिहिलंय. 'आत काहीच नाही.'"

दोन मिनिटं शांत पडलो.

डॉक्टर म्हणे, "मग कापू की नको?"

म्हटलं, कापा साहेब. आमच्या घरात नाव असंच ठेवते.

इंद्रजित